आपली वेबसाइट, आपल्याच फोल्डरात

मागे एका अंकात मी सहज लिहून गेले होते की, साधी वेबसाइट घरच्या संगणकावर स्वतः बनवता येते आणि त्यासाठी कोणाच्या दारात जावं लागत नाही. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. सोलापुरात नवी पेठेतल्या माझ्या क्लासात मी १९९९ पासून हा विषय शिकवते आहे. त्या काळी १.४४ एमबीच्या फ्लॉपीत आख्खी वेबसाइट मावायची. मुलं ती खिशात घालून सायबर कॅफेत जायची आणि तिथून चढवायची. साधनं बदलली, पण कामाची रीत फारशी बदललेली नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६७, राहणार जुळे सोलापूर. वीस वर्षं नान्नजचं माळरान, हिप्परगा आणि कंबर तलाव इथल्या पक्ष्यांच्या नोंदी वहीत करत आलो आहे. घरी विंडोजचा संगणक आहे. एका दुकानात वेबसाइटचं विचारलं, तर त्यांनी आधी मोठी रक्कम आणि वर दरमहा वेगळे पैसे सांगितले. मला फक्त नोंदी आणि थोडे फोटो लोकांपुढे ठेवायचे आहेत. हे मला जमेल का? सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?

सर, नक्की जमेल. पण सॉफ्टवेअर घेण्याआधी एक दुपार नोटपॅडबरोबर काढा, ही माझी विनंती आहे. मी प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो दहावीचा असो की सत्तरीचा, याच दारातून आत आणते.

डी ड्राइव्हवर एक नवा फोल्डर करा. नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. नोटपॅड उघडून पहिल्या ओळीत कोनाकृती कंसात मेटा चारसेट यूटीएफ-८ ही सूचना अशी लिहा : <meta charset="utf-8">. ती नसली तर ब्राउझर तुमच्या मराठीचा चिवडा करू शकतो. तिच्याखाली एच-वन या खुणांमध्ये (<h1> आणि </h1> यांच्या मधोमध) 'माळावरचे पक्षी' किंवा तुम्हाला हवं ते शीर्षक आणि पी या खुणांमध्ये (<p> आणि </p>) वहीतली एक नोंद लिहा. फाइल साठवताना प्रकार 'ऑल फाइल्स' निवडा, एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा आणि नाव द्या इंडेक्स डॉट एचटीएमएल (index.html). नंतर त्या फाइलवर डबल क्लिक करा. ब्राउझर उघडेल आणि तुमचं पान दिसेल. यासाठी इंटरनेटही लागत नाही.

पान न दिसता पुन्हा नोटपॅडच उघडलं, तर नावाच्या मागे डॉट टीएक्सटी हे शेपूट लागलं आहे असं समजा. विंडोज ते लपवून ठेवतं. फोल्डरच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण केली की शेपूट दिसतं, मग ते काढून टाका. माझ्या क्लासात पहिल्या दिवशी निम्मी मुलं इथेच अडतात.

हा खटाटोप एवढ्यासाठी की, वेबसाइट म्हणजे फाइलींनी भरलेला एक फोल्डर असतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं म्हणजे मनातली भीती जाते. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा त्यात पान वाचताही येत होतं आणि बदलताही येत होतं. वाचणारा आणि लिहिणारा एकाच खिडकीत बसलेला होता. पुढे ही दोन कामं वेगळी झाली आणि लिहिणं हे तज्ज्ञाचं काम आहे असा समज रूढ झाला. दुकानदाराने तुम्हाला जो भाव सांगितला, त्यात बराच वाटा या समजाचा आहे.

आता सॉफ्टवेअर. वर्डमध्ये लिहून 'वेब पेज' म्हणून साठवू नका. पान दिसेल, पण दोन ओळींच्या मजकुरामागे दोन पानं भरतील एवढा कचरा जमा होतो आणि पुढे दुरुस्ती करताना जीव मेटाकुटीला येतो. जुन्या पुस्तकांत फ्रंटपेज हे नाव वाचाल. मीही त्यावरच शिकले, पण त्याची शेवटची आवृत्ती २००३ ची आहे, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नका. एकदोन पानांचीच वेबसाइट असती, तर सीमंकी या मोफत सॉफ्टवेअरमधला कंपोझर पुरला असता. तुमच्या नोंदी मात्र तारीखवार आहेत आणि वाढत जाणार आहेत. म्हणून मी तुम्हाला पब्ली सुचवते. ते मोफत आहे आणि आपल्या संगणकावर बसतं. नान्नज, हिप्परगा अशा खुणा प्रत्येक नोंदीला लावल्या, की त्या त्या ठिकाणच्या नोंदींचं वेगळं पान ते आपोआप करतं. प्रत्येक नोंदीच्या पत्त्यासाठी 'स्लग' नावाची चौकट आहे. तिथे तेवढं इंग्रजी अक्षरांत हाताने लिहा, नाहीतर मराठी शीर्षकावरून आपोआप बनलेला पत्ता वाचायला अवघड होऊ शकतो.

पान लोकांपर्यंत न्यायला जागा लागते. गिटहब पेजेसवर ती विनामूल्य मिळते आणि वेबसाइटचा आकार १ जीबीच्या आत ठेवावा असा त्यांचा दंडक आहे. तुमच्या वीस वर्षांच्या नोंदी त्यात आरामात बसतील. फोटो मात्र आवरून ठेवावे लागतील. खाते उघडणं आणि पब्लीला त्याची किल्ली देणं हे काम पहिल्यांदा किचकट वाटतं. ते एकदाच करायचं असतं, तेवढ्यासाठी घरातल्या कोणा मुलाला शेजारी बसवून घ्या. नंतर 'सिंक' हे एकच बटण दाबायचं.

दोन गोष्टी पाटीवर लिहून ठेवा, सर. पहिली अशी की, पब्लीत लिहिलेलं मूळ लिखाण तुमच्या घरच्या संगणकातच राहतं. इंटरनेटवर जातात ती त्यातून तयार झालेली पानं. संगणक बिघडला तर पानं दिसत राहतील, पण पुढची नोंद घालता येणार नाही. म्हणून महिन्यातून एकदा पब्लीतून बॅकअप काढा, तो पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह संगणकाच्या टेबलात न ठेवता कपाटात ठेवा.

दुसरी गोष्ट पक्ष्यांसाठी आहे. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या पोटात काढल्याची जागा अक्षांश-रेखांशासह लिहिलेली असू शकते. घरट्याचा फोटो तसाच चढवला, तर घरट्याचा पत्ताच जगाला दिल्यासारखं होईल. माळढोक आता किती दुर्मीळ झाला आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. फोटोवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज', तिथे 'डिटेल्स' आणि तळाशी 'रिमूव्ह प्रॉपर्टीज' असं आहे, त्यातून ही माहिती काढून मगच फोटो वापरा. नोंदीतही 'नान्नज परिसर' एवढंच लिहा. घरट्यांचे फोटो मुळात घालूच नयेत, असं माझं मत आहे.

प्रश्न : मॅडम, मी पूर्व भागात राहते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे चार माग आहेत, बाबा चादरी आणि टॉवेल विणतात. मी स्वतः त्यांच्यासाठी वेबसाइट बनवली. माझ्या लॅपटॉपवर सगळं छान दिसतं, पण चढवल्यावर निम्मे फोटो दिसतच नाहीत. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात. शिवाय आजोबांना तेलुगूतच वाचता येतं, त्यांच्यासाठी एक पान तेलुगूत करता येईल का?

तुझं पत्र वाचून मला फार आनंद झाला. निम्मे फोटो दिसतात आणि निम्मे नाहीत यावरूनच दुखणं कळतं. विंडोजला मोठ्या-लहान इंग्रजी अक्षरांत फरक वाटत नाही. बहुतेक सर्व्हर, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवतात ते संगणक, विंडोजऐवजी लिनक्सवर चालतात आणि त्यांना वाटतो. कॅमेऱ्याने फाइलच्या शेवटी मोठ्या अक्षरांत जेपीजी लिहिलं आणि तू पानात लहान अक्षरांत लिहिलंस, तर तुझ्या लॅपटॉपवर फोटो दिसेल, सर्व्हरवर नाही. सगळ्या फाइलींची नावं लहान अक्षरांत कर, मधल्या मोकळ्या जागांच्या जागी आडवी रेघ घाल आणि पानातही तीच नावं लिही. तरी काही फोटो राहिलेच, तर त्यांचा पत्ता तपास. तो सी ड्राइव्हपासून सुरू होत असेल, तर पान तो फोटो तुझ्या लॅपटॉपवर शोधतं आहे. सगळे फोटो वेबसाइटच्याच फोल्डरात एका उपफोल्डरात ठेव आणि पत्ता तिथून दे.

मुंगीएवढ्या अक्षरांचं कारण एका ओळीचं आहे. पानाच्या हेड भागात व्ह्यूपोर्टची मेटा ओळ लागते, तिच्यात रुंदी 'डिव्हाइस-विड्थ' अशी लिहायची. ती नसल्यामुळे मोबाइल तुझं पान मोठ्या पडद्याचं समजून सगळंच आक्रसून दाखवतो.

फोटोंचा आकारही बघ. मोबाइलचा एक फोटो ४-५ एमबीचा असतो. असे वीस फोटो एका पानावर असले, तर चादर घ्यायला आलेला माणूस पान उघडेपर्यंत निघून जाईल. पेंटमध्ये 'रिसाइझ' करून रुंदी १२०० पिक्सेल ठेव, फाइल दोन-तीनशे केबीवर येते आणि नक्षी स्पष्टच राहते. तुझ्या मालासाठी आणखी एक सुचवते. जकार्ड मागावर विणलेल्या आपल्या चादरीच्या दोन बाजूंना रंग उलटसुलट दिसतात. एक कोपरा दुमडून फोटो काढ, म्हणजे दोन्ही बाजू एका फोटोत येतील. फोटो सकाळच्या उजेडात काढ, ट्यूबलाइटखाली लाल रंग विटका येतो. प्रत्येक चादरीखाली लांबी, रुंदी, वजन आणि सूत लिही. लांबचं गिऱ्हाईक हात लावून बघू शकत नाही, त्याला वजनावरूनच अंदाज येतो. चौकशीसाठी बाबांचा घरचा नंबर न देता धंद्यासाठी वेगळं सिमकार्ड घेऊन तो नंबर दे, कारण एकदा वेबसाइटवर आलेला नंबर कुठे कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

आजोबांचं पान जरूर कर. तेलुगूसाठी फॉन्ट विकत घ्यायची किंवा चढवायची गरज नाही. विंडोजमधल्या निर्मला यूआयमध्ये देवनागरी, तेलुगू, कन्नड तिन्ही आहेत आणि अँड्रॉइड मोबाइलमध्येही या लिप्या असतातच. फक्त त्या पानाच्या सुरुवातीच्या एचटीएमएल खुणेत भाषा 'टीई' लिही, मराठी पानात 'एमआर'. पडद्यावरचं वाचून दाखवणारी साधनं यावरूनच उच्चार ठरवतात. पहिल्या पानावर सगळ्यात वर मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही पानांचे दुवे दे. तिथे 'తెలుగు' न लिहिता देवनागरीतच 'तेलुगू' असं लिहायचा मोह होईल. ज्याला देवनागरी येत नाही त्याला ते वाचताच येणार नाही, म्हणून त्या दुव्याचं नाव तेलुगू लिपीतच लिही. मजकूर आजोबांकडूनच सांगून घे. कोणत्या वर्षी पहिला माग घेतला, तेव्हा कोणती नक्षी चालायची, हे त्यांच्या शब्दांत येऊ दे. त्याचं मराठी तू कर.

प्रश्न : माझ्या सुमारे दोनशे कविता २००२ पासून टाइप केलेल्या आहेत. त्या वेबसाइटवर टाकल्या तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. माझ्या संगणकावर मात्र उत्तम मराठी दिसतं. (निवृत्त लेखनिक, विजापूर रोड)

तुमच्या कविता जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्या काळी 'क' दाबलं की फाइलीत साठायचं एखादं इंग्रजी अक्षर आणि फॉन्ट त्याच्यावर 'क'चं चित्र चढवायचा. तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला खालचं इंग्रजीच दिसतं. गूगललाही तेच दिसतं, त्यामुळे तुमच्या कवितेतली ओळ कोणी मराठीत शोधली तरी ती सापडणार नाही. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, तो जगात सगळीकडे एकच.

फॉन्टचं नाव बघा. त्या नावाचं युनिकोड परिवर्तक शोधलं तर बहुधा मिळतं. एकदम दोनशे कविता त्यात ओतू नका. दहा-दहा करा आणि प्रत्येक कविता कागदावरच्या प्रतीशी ताडून बघा. परिवर्तक पहिल्या वेलांटीपाशी हमखास चुकतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षरावर वेलांटी असली की ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. दुसरी अडचण 'ऱ्य'ची. 'दऱ्या'चा 'दर्या' झाला तर डोंगरातली कविता समुद्रावर जाईल आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्राला ते कळणारही नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. हे काम तुम्हीच करायला हवं.

फॉन्टसाठी एक टाइप या मुंबईच्या संस्थेने केलेला मुक्त हा फॉन्ट बघा. मोफत आहे, कवितेला शोभतो आणि वेबसाइटच्या फोल्डरात ठेवून सोबत पाठवता येतो. मूळ फाइली पुसू मात्र नका. मी स्वतः परिवर्तनानंतर दोन वर्षांनी मूळ फाइल उघडून एक गाळलेली ओळ शोधून काढली आहे.

प्रश्न : वेबसाइटचा पत्ताच मराठीत घेता येतो का?

येतो. डॉट भारत ही सोय २०१४ पासून देवनागरीत आहे. पण पडद्यामागे तो पत्ता इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांत बदलला जातो. काही जुनी सॉफ्टवेअर तो बदललेला पत्ताच दाखवतात आणि अनेक अर्ज असा ईमेल पत्ता स्वीकारत नाहीत. हौस असेल तर जरूर घ्या, सोबत एक साधा डॉट इन पत्ताही घ्या आणि दोन्ही एकाच वेबसाइटवर वळवा.

प्रश्न : आमचा दहा जणींचा बचत गट आहे. शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकतो. चार वर्षांपूर्वी एकाने आम्हाला वेबसाइट करून दिली. पाकिटांवर तोच पत्ता छापलेला आहे. आता तो फोन उचलत नाही. पासवर्ड आमच्याकडे नाही, पत्ता कोणाच्या नावावर आहे तेही माहीत नाही. वेबसाइट अजून चालू आहे. काय करावं?

ताई, वेबसाइट चालू आहे हे तुमचं नशीब. हे उत्तर वाचून झालं की आजच संध्याकाळी कामाला लागा. मी एवढी घाई का करते आहे, ते सांगते.

२००४ मध्ये माझ्या क्लासच्या मुलांनी एक वेबसाइट केली होती. प्रत्येकाने घरातल्या आजी-आजोबांना गिरणीच्या आठवणी विचारायच्या आणि एक पान करायचं. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या आपल्या सोलापूरच्या कापडगिरण्या. भोंगा झाला की घरात काय व्हायचं, पगाराच्या दिवशी काय आणायचे, गिरणी बंद झाली त्या दिवशी आजोबा घरी येऊन काय बोलले. अशी ४३ पानं झाली. जागा आणि पत्ता मी ओळखीच्या एका माणसाकडून घेतला होता. तो आमच्या नावावर करून घ्यायला हवा, हे मला माहीत असूनही मी ते केलं नाही. दुरुस्त्याही थेट सर्व्हरवर करत गेले, घरी प्रत ठेवली नाही. २०११ च्या मे महिन्यात सुट्टीत पत्त्याची मुदत संपली, त्याने ती भरली नाही आणि मला कळलं ते जूनमध्ये, एका मुलाने 'मॅडम, आजोबांचं पान उघडत नाही' म्हणून सांगितलं तेव्हा. सर्व्हरवरची जागाही रिकामी झालेली होती. वेबसाइटच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये शोधून मला ११ पानं मिळाली. ३२ गेली. त्या ३२ आजी-आजोबांपैकी बहुतेक जण तोवर हयात नव्हते. ते पुन्हा विचारायला कोणाकडे जाणार होते मी?

तेव्हा आधी प्रत काढा. एचटीट्रॅक नावाचं मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या, त्यात वेबसाइटचा पत्ता घाला. ते सगळी पानं आणि फोटो तुमच्या फोल्डरात उतरवून घेतं. ऑर्डर घेण्याचा अर्ज असेल तर तो चालणार नाही, पण मजकूर, फोटो आणि मांडणी हाती येईल. घरच्या संगणकावर सगळी पानं उघडतात का ते एकेक करून तपासा आणि एक प्रत गटातल्या दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवा.

मग 'हूइज' शोधात तुमचा पत्ता घाला. तो कोणत्या नोंदणी कंपनीकडे आहे आणि मुदत कधी संपते, हे तिथे दिसेल. ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा. त्या माणसाला फोनऐवजी लेखी कळवा, व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हींवर. मागण्या तीनच ठेवा: पत्त्याची मालकी गटाच्या नावावर करून देणे, दुसऱ्या कंपनीकडे नेण्यासाठीचा ऑथ कोड आणि वेबसाइटचा पूर्ण बॅकअप. त्याच्या अडचणीही असू शकतात, म्हणून सूर नरम ठेवा, पण तारीख घालून द्या. त्याला दिलेल्या पैशांच्या पावत्या, बँकेच्या नोंदी, पत्ता छापलेलं पाकीट हे सगळं एकत्र ठेवा. उत्तर आलं नाही तर याच कागदांसह नोंदणी कंपनीला लिहा.

पत्ता हाती आला की गटाच्या सामायिक ईमेलवर खातं उघडा, एकीच्या खासगी ईमेलवर नको. पासवर्ड दोघींकडे असू द्या. वर्षाच्या नूतनीकरणाचा खर्च शेंगदाण्याच्या खर्चासारखा गटाच्या वहीत लिहा. वेबसाइट सुरक्षित असल्याच्या प्रमाणपत्रासाठी (पत्त्याआधी https येतं ते त्याच्यामुळे) कोणी वेगळे हजारो रुपये मागितले तर देऊ नका. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र मोफत मिळतं आणि चांगला होस्टिंगवाला, म्हणजे वेबसाइटला जागा देणारा, ते स्वतःहून लावून देतो.

आणि मुदतीच्या महिनाभर आधीपर्यंत काहीच हलत नसेल, तर नवा पत्ता घ्या आणि उतरवून ठेवलेली पानं तिथे चढवा. पाकिटांची पुढची छपाई तोवर थांबवून ठेवा. जुनी पाकिटं शिल्लक असतील, तर नव्या पत्त्याची छोटी चिठ्ठी त्यांवर चिकटवता येईल.